आकडे घरच्या फोनवर येतात

अल्माटी, रविवार, ३ नोव्हेंबर

बाबा,

मागच्या पत्रात एक चूक गेली आहे. थोरल्या भावजींनी फोन उचलला नाही, असं मी लिहिलं होतं. त्यांनी उचलला होता. मी तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा पहिल्याच घंटीला उचलला.

ते पत्र लिहीत होते तेव्हा मामंजी शेजारच्या खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांची नजर अजून ससाण्यासारखी आहे, आणि थोरल्या मुलाविषयी वाकडं काही कागदावर दिसलं असतं तर त्यांनी कागदच फाडला असता. आज ते तपासणीला गेलेत. चुकलेली नोंद खोडायची नाही, तिच्याखाली खरी लिहायची, हे तुम्हीच शिकवलंत. घाटावरच्या हवामानचौकीत तुमच्याखेरीज मला शिकवणारं होतं कोण? आकडे मी पावसाच्या मापावर शिकले, अक्षरं तुमच्या वहीत. तेव्हा ही खालची नोंद.

मामंजींच्या यकृतातली पाण्याची गाठ तिसऱ्यांदा वाढली आहे. कुत्र्यांपासून होते ती. आपल्याकडे मेंढ्या राखणाऱ्यांच्या घरात एकाला तरी असतेच. बिश्केकला दोनदा कापली. या खेपेला तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि सरहद्दीपलीकडे जा म्हणाले. इथे सोळा लाख तेंगे आधी भरायचे, मग खाट मिळते. मामंजींनी शरदात घोड्या विकल्या, ते पैसे त्यांच्या कार्डावर आहेत, भरून उरतील इतके. कार्ड माझ्या पिशवीत आहे. पण परदेशात मोठी रक्कम द्यायची म्हटली की त्यांची बँक घरच्या फोनवर सहा आकडे पाठवते. ते आकडे सांगितल्याशिवाय पैसा सुटत नाही. आणि तो फोन घरी, आत-बाशीला, भावजींच्या खिशात आहे.

तुम्ही म्हणाल, फोन बरोबर का नाही नेला. या घरात कळप हाकणाऱ्याच्या हाती थैली देत नाहीत. बाजाराला मेंढ्या एकाने न्यायच्या, पैसे दुसऱ्याने घ्यायचे, म्हणजे वाटेत कुणाची नियत फिरत नाही. हा मामंजींचाच नियम, आणि त्यावरच त्यांचा कळप वाढला. निघताना त्यांनी स्वतः कार्ड मला दिलं आणि फोन थोरल्याला. "आता दोघं मिळून लुटा मला," म्हणाले आणि हसले.

शुक्रवारी मी रुग्णालयात पैशांच्या खिडकीशी उभी होते. मागे रांग. फोन कानाला.

"भावजी, आले का आकडे?"

"कसले आकडे?"

"बँकेचे. आत्ता पाठवलेत म्हणते ही."

"छे. काही नाही आलं. इकडे वारा सुटलाय. तुझ्या बापाला विचार की, वाऱ्यात काय येतं नि काय नाही. त्याचाच धंदा तो."

खिडकीतल्या मुलीने पुन्हा पाठवले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आता उद्यावर गेलं. तीन वेळा चुकलं की दिवसभर बंद."

मी बँकेला फोन केला. तिथली बाई म्हणाली, तीनही संदेश पोचलेत. मी विचारलं, वाऱ्याने अडले असतील का? ती हसली. "ताई, अडले असते तर मला इथे दिसलं असतं. पोचलेत. फोन ज्याच्या हातात आहे त्याला विचारा." दुसऱ्या फोनवर घेता येतील का, तर नाही. त्यासाठी खातेदाराने स्वतः आपल्या देशातल्या शाखेत उभं राहावं लागतं.

मामंजींना मी एवढंच सांगितलं की आकडे आले नाहीत.

"वारा असेल," ते म्हणाले. मग मला चिडवायला, "काय हो हवामानखातं, कधी पडतोय वारा?" ते मला याच नावाने हाक मारतात.

आम्ही रुग्णालयामागे रायखान नावाच्या बाईकडे उतरलोय. ती आजाऱ्यांच्या नातेवाइकांना खाटा भाड्याने देते. तिने आल्या दिवशीच सांगितलं, "तुझा सासरा उमदा दिसतो. पण पोरी, माझ्या गादीवर गेला तर गादीचे वेगळे." मामंजी म्हणाले, "मग बाई, मी जमिनीवर निजतो. जमिनीचे किती?" तेव्हापासून दोघांचं जमतं.

उत्तराची वाट मी पाहत नाही. लग्नाला तीन वर्षं झाली, तुमचं एकही आलं नाही. पण माझी पत्रं परतही आली नाहीत, म्हणजे ट्रकवाला ती वर पोचवतो.

पेरिझात


अल्माटी, शुक्रवार, ८ नोव्हेंबर

बाबा,

रोज सकाळी मी खिडकीशी जाते, रोज भावजींना फोन करते. मंगळवारी वारा होता. बुधवारी फोन पाण्यात पडला होता, पण बोलणं मात्र स्वच्छ ऐकू येत होतं. मी तसं म्हटलं नाही. थोरल्या दिरासमोर या घरात सून आवाज चढवत नाही, त्याचं नाव घेत नाही, त्याच्या पुढून जात नाही. फोनवरही मी उभी राहूनच बोलते, सवय झाली आहे.

काल भाड्यासाठी मशीनमधून थोडे काढायला गेले. थोड्या पैशांना आकडे लागत नाहीत. मशीनने कार्ड परत दिलं आणि पैसे दिले नाहीत. शिल्लक विचारली. एका मेंढीपुरतीही नव्हती.

मला वाटलं चोरी झाली. घाईत पहिल्यांदा चुकीचा नंबर लागला. दुसऱ्यांदा मोठ्या जाऊबाईंनी उचलला. त्या मनाने वाईट नाहीत, फक्त त्यांच्या पोटात काही राहत नाही.

"जाऊबाई, कार्ड रिकामं आहे. कुणीतरी पैसे काढले."

"अगं बाई, कुणीतरी काय? तुला सांगितलंच नाही यांनी?" मग आवाज खाली आणून, "घोडी घेतली."

"कसली घोडी?"

"मामंजींची. त्यांच्या दिवसांना कापायची. तीन वर्षांची, वांझ, बरगडीवर चार बोटं चरबी. आता घेतली म्हणून इतक्यात मिळाली, हिवाळ्यात कोण देतंय? तांदूळ आणि साखरही भरून ठेवलीये. बाकीचे यांनी लोखंडी पेटीत ठेवलेत."

म्हणजे आकडे येत होते. तसल्याच आकड्यांनी तिकडे, फोनवरून, पैसे निघत होते.

मग भावजींनी फोन घेतला. ते रागावले नव्हते. हे मला जास्त लागलं. समजावून सांगत होते, लहान मुलीला सांगावं तसं.

"ऐक. दोनदा कापलं, दोनदा वाढली. तिसऱ्यांदा कापून आले तर बरंच. नाही आले तर? गावाला काय वाढू, तुझ्या रुग्णालयाची पावती? तीन दऱ्यांतली माणसं येणार. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्याला सात घोडे पडले. आमच्या बापाला काय, रश्शात भाकरी?"

"भावजी, डॉक्टर म्हणतात या खेपेला निघेल. इथे ते गाठ अख्खी काढतात, फुटू देत नाहीत. बिश्केकला फुटली म्हणून पुन्हा वाढली."

"आईच्या वेळीही डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा बाबा काय म्हणाले, ठाऊक आहे? म्हातारीला कशाला हेलपाटे. आणि तिच्या दिवसांना पाच घोडे कापले. लोक अजून नाव काढतात. आई सगळा हिवाळा भिंतीकडे तोंड करून पडली होती, ते कुणी काढत नाही." मग म्हणाले, "मी काही नवीन करत नाहीये. बापाने शिकवलं तेच करतोय. त्यांना परत आण. घरी मरू दे."

मी "बरं" म्हटलं नाही. "नाही" पण म्हटलं नाही.

ह्यांना रशियात फोन लावला. ह्यांची गोदामात पाळी होती, मागे काहीतरी आदळत होतं. ह्यांना घोडीचं आधीच माहीत होतं. "दादा मोठा आहे, त्याला कळतं," म्हणाले. मी म्हटलं, तुमचे वडील आहेत. म्हणाले, "म्हणूनच. माझ्या बापाचं मला सांगू नकोस." आणि ठेवता ठेवता, "छपराच्या पैशाला हात लावशील तर बघ."

छपराचे पैसे म्हणजे ह्यांचा पगार. ह्यांच्या नावावर कर्ज आहे, स्वतःच्या खात्यात आला तर बँक गिळते, म्हणून दोन वर्षं पगार माझ्या नावच्या कार्डावर येतो. त्यातून नवं छप्पर व्हायचं आहे. मी त्याला कधी हात लावला नाही. गेल्या हिवाळ्यात बूट फाटले तेव्हाही नाही. ह्यांनी म्हणेपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं. हे खरं आहे. मी दोनदा आठवून पाहिलं.

पेरिझात


अल्माटी, सोमवार, ११ नोव्हेंबर

बाबा,

मामंजींना सांगायचं कसं, याचा मी तीन दिवस विचार करत होते. मला सांगावं लागलं नाही.

काल भावजींनी मामंजींच्या मोबाइलवर चित्राचा फोन केला. रायखानबाई चहा ओतत होती. मामंजी फोन हातभर लांब धरून बघतात. मला वाटलं विचारपूस असेल. भावजींनी आधी अंगण दाखवलं, मग मुलं दाखवली, मुलांनी "आजोबा" करून हात हलवले, आणि मग घोडी आणली.

"बाबा, बघा. तुमच्यासाठी घेतली."

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. कुणी जिवंत माणसाला त्याची घोडी दाखवतं का? पण त्यांच्याकडे दाखवतात म्हणे. सासूबाईंनाही दाखवली होती, खिडकीतून, मी या घरात यायच्या आधी.

मामंजींनी फोन आणखी लांब धरला. मग म्हणाले, "तोंड उघड तिचं."

भावजींनी दात दाखवले.

"फिरव. मागून दाखव. हात लाव बरगडीला. किती?"

"चार बोटं, बाबा."

"तुझी की माझी?"

"तुमची."

"कितीला?"

भावजींनी आकडा सांगितला. मामंजींनी मान डोलावली. "फसला नाहीस. ओटच दे, गवत नको, चरबी पिवळी पडते. आणि पळवू नका तिला, पोरांना वर बसू देऊ नका." आणखी बरंच सांगितलं, कोणाला बोलवायचं, कुणाला आतल्या दालनात बसवायचं, कुणाला बाहेर. भावजी "हो, हो" करत होते. शेवटी मामंजी म्हणाले, "शाबास. तुझ्या आईच्या वेळची हिच्यापुढे बोकड."

फोन ठेवल्यावर रायखानबाईने उरलेला चहा ओतला. मग तिलाच राहवेना. "काय हो, मुलगा तुमचा फार मायेचा आहे. माझा तर अजून माझ्या कोंबडीचीही चौकशी करत नाही."

"घोडी चांगली आहे," मामंजी म्हणाले. पुरीला हात लावला नाही. चहा गार झाला. मी बदलून दिला, तोही गार झाला.

संध्याकाळी मला म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाईला विचार, न कापता किती."

डॉक्टर कारलिगाश यांना मी विचारलं होतंच. त्या सुतार बोलतो तशा बोलतात. म्हणाल्या, "गाठ यकृताच्या सालीशी आली आहे. खोकला आला, गाडीला धक्का बसला, घोड्यावरून उतरताना पाय घसरला, फुटली. फुटली तर मी समोर उभी असले तरी उपयोग नाही. काढली तर हा माणूस अजून दहा वर्षं तुला छळेल." आणि मला न विचारता पुढच्या बुधवारची जागा धरून ठेवली.

मामंजींना मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात कापलं तर दहा वर्षं. न कापता किती ते मी सांगितलं नाही, त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

"आकडे आले का?" इतकंच म्हणाले.

मला काही कळलंय असं मी दाखवलं नाही. घोडी कोणत्या पैशांची, हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं कसं होईल? घोड्याच्या बाजारात त्यांना चाळीस वर्षं कुणी फसवलं नाही. पण त्यांनी "आकडे आले का" असंच विचारलं. मी म्हटलं, "नाही अजून."

पेरिझात


अल्माटी, गुरुवार, १४ नोव्हेंबर

बाबा,

आजचं लिहून लगेच बंद करते.

औषध आणायला गेले होते. परत आले तर मामंजी खोलीत नाहीत. रायखानबाई म्हणाली, टोपी घालून गेले, चांगली, सणाची. मी रुग्णालयात धावले.

खालच्या दालनात पैशांच्या मशीनसमोर ते उभे होते. माझ्या पिशवीतून कार्ड घेतलं होतं. मशीनवर एक हात ठेवला होता, बुजऱ्या घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा. मागे एक जाडा माणूस घाई करत होता, "आजोबा, झालं का?" त्याला म्हणाले, "थांब रे, ही मला ओळखत नाही अजून."

मी खांबापाशी थांबले. ते तोंडाने पुटपुटत आकडे दाबत होते. थोरल्या भावजींचा जन्मदिवस, महिना, साल. मशीन टिकटिकली आणि नाही म्हणाली. मग ह्यांचा. पुन्हा नाही.

पुढे जाऊन सांगायला हवं होतं, की ते सहा आकडे इथे चालतच नाहीत. आणि चालले असते तरी आत काही नाही. दोन्ही सांगितलं असतं तर त्यांना तिथेच, रांगेसमोर, कळलं असतं. म्हणून मी उभी राहिले. मशीन नाही म्हणते तर म्हणू दे, असं मला वाटलं. निदान ती मुलगा नाही.

तिसऱ्यांदा ते बराच वेळ थांबले. मग सासूबाईंच्या वर्षश्राद्धाची तारीख दाबली. पुटपुटताना सालच मला ऐकू आलं, पण त्या सालात घरात दुसरं काही झालं नाही.

मशीनने कार्ड ठेवून घेतलं.

जाडा माणूस म्हणाला, "गेलं, आजोबा. आता बँकेतून माणूस येईल तेव्हा." मामंजी मशीनच्या फटीकडे वाकून बघत राहिले. वळले तेव्हा मी दिसले.

"तू कधीपासून उभी?"

"आत्ताच आले."

"कार्ड खाल्लं तिने."

"मिळेल परत."

"वारा असेल," म्हणाले, आणि माझ्या खांद्याला धरून चालू लागले. त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. सासरे लावत नाहीत. घरापर्यंत त्यांनी खांदा सोडला नाही. दारात रायखानबाईला म्हणाले, "फिरून आलो जरा."

पेरिझात


अल्माटी, रविवार, १७ नोव्हेंबर

बाबा,

शुक्रवारी मी माझ्या बँकेला फोन केला. माझ्या कार्डावर परदेशात एका दिवसात इतकी रक्कम जात नाही, ती मर्यादा वाढवून मागितली. त्यांनी माझं नाव विचारलं, पासपोर्टचं चित्र मागितलं, आणि हे पैसे कशासाठी म्हणून विचारलं. मी म्हटलं, वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी. मामंजी म्हणायला हवं होतं. दुरुस्त करायच्या आत तिने लिहून घेतलं. मर्यादा बुधवारपासून वाढेल. आकडे माझ्याच फोनवर येतील, ते मी तपासून पाहिलं.

हे पैसे माझे नाहीत. ह्यांनी थंडीत पोती उचलून मिळवलेत. ह्यांच्या वडिलांसाठीच जातायत हे खरं, पण ह्यांनी नको म्हटलंय हेही खरं, आणि दोन्ही खरं असेल तर याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही. चोरी असेल. पावती मी ह्यांच्या नावे करून घेणार आहे.

मामंजींनी कागदांवर सही केल्याशिवाय शस्त्रक्रिया होत नाही. धाकट्याच्या छपराचे पैसे म्हटलं असतं तर त्यांनी सही केली नसती. धाकट्याचं नवं छप्पर बघून थोरल्याचं तोंड बंद झालं पाहिजे, असं ते नेहमी म्हणतात. म्हणून काल सकाळी मी बँकेकडून परत मिळालेलं कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं आणि सांगितलं, "आकडे आले. भावजींनी पाठवले."

मी मुद्दाम सांगितलेलं हे पहिलं खोटं. मागच्या पत्रांत काही मोजायचं राहिलं असेल तर ते वेगळं.

त्यांनी कागद खाली ठेवला. बराच वेळ गुडघे चोळत बसले. मग ओंजळ पसरली आणि थोरल्या मुलाला आशीर्वाद दिला. त्याचे कळप वाढोत, त्याची चूल विझू नये, त्याची मुलं त्याला असंच सांभाळोत. रायखानबाईनेही ओंजळ पसरली, मग मलाही पसरावी लागली. आशीर्वाद झाल्यावर हात तोंडावरून फिरवले आणि माझ्याकडे वळले.

"तू त्याच्यावर संशय घेत होतीस."

"नाही, मामंजी."

"तोंडाने नाही. मी बघत होतो. रोज फोन करून परत आलीस की तुझं तोंड असं व्हायचं, जसं काही माझा मुलगा चोर." ते ओरडले नाहीत. "रस्त्यावरून उचलून आणलेली पोर कधी घरची होत नाही, असं माझी बायको म्हणायची. तुला आणलं तेव्हा मी म्हटलं, होईल, शिकलेली आहे. तिचंच बरोबर होतं."

रायखानबाई म्हणाली, "अहो, तिने तुमचे पाय चेपले हो इतके दिवस."

"पाय तर नोकरही चेपतो."

मग त्यांना मुलाशी बोलायचंच होतं. फोन मीच लावून दिला. त्यांनी पुन्हा सगळा आशीर्वाद दिला, पहिल्यापेक्षा लांब, "तू आकडे पाठवलेस, बापाचा जीव पाठवलास," असं म्हणत. मला वाटलं, आता भावजी खरं सांगतील आणि सगळं इथेच संपेल. ते म्हणाले, "आमीन, बाबा. माझं कर्तव्यच होतं."

दुपारी त्यांनी मला फोन केला.

"छपराचे ना?"

मी फोन घेऊन दाराबाहेर गेले.

"हुशार आहेस. आशीर्वाद मला, पैसे माझ्या भावाचे, आणि तू मधे पुण्यवान. आज त्यांना खरं सांगितलं तर करतील सही?"

"नाही करणार."

"मग सांगतो मी."

"भावजी, मग त्यांना हेही कळेल की आकडे तुम्ही पाठवले नव्हते."

ते म्हणाले, "तुला बोलायला कुणी शिकवलं ग?" आणि ठेवला. मला वाटतं ते स्वतः सांगणार नाहीत. पण जाऊबाईंच्या पोटात काही राहत नाही, आणि मुलं रोज आजोबांना फोन करतात. म्हणून मामंजींच्या फोनमधली सिमची पट्टी काढून मी माझ्या मोज्यात ठेवली आहे. ते फोन तळहातावर आपटतात, फुंकर घालतात, मला म्हणतात, "हवामानखातं, बघ ना जरा." मी बघते आणि म्हणते, बिघडलाय, नीट व्हायला वेळ लागेल. भावजींनी जे त्यांच्याशी केलं, ते आता मी करते आहे. मला ते जमतंय. याची मला जास्त भीती वाटते.

ह्यांना भावजींनी लगेच सांगितलं असणार. रात्रपाळीच्या आधी ह्यांचा फोन आला. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पैसे सगळे दादाच्या खात्यावर टाक. गुरुवारपर्यंत. नाही टाकलेस तर आत-बाशीला उतरू नकोस. बापाला बसमध्ये बसव आणि तू तिकडेच राहा, त्या गाद्यावालीकडे खाटा झाड." मी विचारलं, शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना बसमध्ये एकटं कसं बसवू? म्हणाले, "तो प्रश्न तू पैसे भरण्याआधी सोडवायचास."

रायखानबाईला मी यातलं काही सांगितलं नाही. पण तिला भिंतीतून ऐकू येतं. आज आपण होऊन म्हणाली, "खाटा झाडायला मला बाई लागतेच. पण पगार कमी, आणि मी शिव्या देते, ते आधीच सांगते."

तुमच्याकडे जागा मागण्यासाठी मी हे लिहीत नाही. मला पळवून आणलं त्याच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही आत-बाशीला आला होता. माझ्या डोक्यावर नवरीचा पांढरा रुमाल होता आणि मी पडद्यामागे बसले होते. मी तुमचे बूट ओळखले. मला वाटलं, आता हाक माराल. तुम्ही चहा घेतलात, भाकरी मोडलीत, आणि जाताना म्हणालात, "दगड पडला तिथेच जड." सगळ्यांनी मान डोलावली. मामंजींनी तुम्हाला मानाचा कोट घातला. ती म्हण मी घरी तुमच्याच तोंडून शिकले होते, लिहायला सुद्धा, पण तेव्हा ती दगडाबद्दल होती.

ते मी तुम्हाला इतकी वर्षं लिहिलं नाही. आता लिहिलं कारण हा दगड आता तिथून हलणार आहे, आणि तुम्हाला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये. तुमचं मत मला हवं होतं. पण हे पत्र घाटावर पोचेल आणि तुम्ही उत्तर लिहिलंत, तरी तोवर झालेलं असेल. तसंच व्हावं म्हणून मी ते आज टाकते आहे, आधी नाही. हेही तुम्हाला सांगायला हवं.

मामंजींनी सही केली आहे. कागद माझ्याकडे आहेत. थोड्या वेळापूर्वी ते रायखानबाईला सांगत होते, गाठ निघाली की उन्हाळ्यात तिला आमच्याकडे बोलवणार आहेत, वरच्या कुरणात, घोडीचं दूध प्यायला. ती म्हणाली, "कोणत्या घोडीचं? ती वांझ आहे ना?" ते खूप हसले, आणि हसताना पोटावर हात दाबून धरला.

डॉक्टर कारलिगाश त्यांना बुधवारी दुपारी घेणार. खिडकी सकाळी नऊला उघडते. बुधवारी, वीस नोव्हेंबरला, नऊ वाजता मी पैसे भरणार.

पेरिझात